लोणीच्या विहिरीतलं फोटोसेशन

माझ्या बायकोला विहिरीच्या तळाशी ठेवून मी एकटाच वर आलो ही गोष्ट खरी आहे, पण त्यात माझा काहीही दोष नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण लोणीत ही हकिकत जरा वेगळ्या पद्धतीनं सांगितली जाते. तिथं ती सांगतो माझा मेहुणा विलास, आणि तो उभा राहून, हातवारे करून, मध्येच माझा आवाज काढून सांगतो. मी मात्र बसून, शांतपणे आणि सत्याला धरून सांगणार आहे.

वारूळवाडीत माझा फोटो स्टुडिओ आहे. गेली बावीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढतोय. डोळ्याला कॅमेरा लागला की समोरचा माणूस मला माणूस दिसत नाही, पोझ दिसते. एकदा एका वरपित्याला भर मांडवात चक्कर येऊ लागली. मी ओरडलो, "वा काका! असंच मागं झुका! हात कपाळावरच राहू द्या!" फोटो अप्रतिम आला. (काकाही संध्याकाळपर्यंत बरे झाले.) सांगायचा मुद्दा, आपल्या धंद्यात आपण तयारीचे आहोत.

माझी बायको नंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. तिचं माहेर लोणी. तिथल्या विहिरीत ती वयाच्या सहाव्या वर्षी पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकली, आणि सातव्या वर्षी तिनं तो डबा धाकट्या विलासच्या पाठीला बांधून त्याला ढकलून दिलं. त्यामुळे कोकणात सहलीला गेलो असताना समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायची टूम निघाली, तेव्हा ती सगळ्यात आधी पाण्यात उतरली आणि सगळ्यात शेवटी बाहेर आली. येताना गाडीत म्हणाली, "आपण दोघांनी हे रीतसर शिकायचं."

शिकलो! पुण्यात एक निवृत्त नौसैनिक शिकवतात, त्यांच्याकडे. पाठीवर हवेचं नळकांडं, अंगात हवा भरायचं जाकीट, पायात बदकासारखे पंजे. सरांचा सगळा भर एकाच गोष्टीवर. पाण्याखाली कोणी एकटा नसतो. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला म्हणायचं बडी. बडीपासून दोन हातांपेक्षा लांब जायचं नाही, मिनिटा-मिनिटाला त्याच्याकडे बघायचं, आणि त्याला काही झालं तर बाकी सगळं सोडून आधी त्याच्याकडे जायचं. बोलता येत नाही म्हणून खुणा. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला तर 'ठीक आहेस का?' आणि उत्तरही तेच, 'ठीक आहे.' पंजा पालथा धरून डगडग हलवला तर 'काहीतरी गडबड आहे.' आणि अंगठा वर म्हणजे 'झकास' नव्हे! अंगठा वर म्हणजे 'ताबडतोब वर जायचंय.'

मी पाण्याखाली चालणारा कॅमेरा घेतल्याचं सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"कॅमेरा हातात असलेला माणूस अर्धाच बडी असतो," ते म्हणाले.

"सर, मी बावीस वर्षं एका डोळ्यानं फोटो काढतोय आणि दुसऱ्यानं जेवणाच्या पंगतीवर लक्ष ठेवतोय," मी म्हणालो. "मला दोन्ही जमतं."

सरांनी नुसतं नंदाकडे बघितलं. नंदा बोलली, पण ते घरी आल्यावर.

मग दिवाळीनंतरचा तो रविवार. पुढच्या सुट्टीत समुद्रावर जायचं, त्याआधी सराव हवा, म्हणून आम्ही सगळं सामान भाड्यानं आणून शनिवारी लोणीला गेलो. (विहिरीत उतरायचं आहे हे सरांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. मग त्यांचं मन मोडायला लागलं असतं.) सकाळी चहा घेतोय तोच विलास चिखलाच्या पायांनी आत आला.

"ताई, वाट लागली. पहाटं लाइट व्हती, पन मोटर पानीच उचलंना. फुटवालाची जाळी चोंदलीया."

फुटवाल म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी असतो तो झडपेचा डबा. त्याच्या जाळीला शेवाळ नि कचरा बसला की वर मोटर नुसतीच घुमते. एरवी त्यात काय विशेष नाही, पण कांद्याची लागवड होऊन तिसरा दिवस होता. आंबवणीचं, म्हणजे लागवडीनंतरचं दुसरं, पाणी त्याच दिवशी द्यायला हवं, नाहीतर रोपं माना टाकणार. तीन फेजची लाइट दुपारी दोनला येऊन रात्री जाणार, आणि मग दोन दिवस थेट मध्यरात्रीची पाळी. गावातला पाणबुड्या आणे गावच्या पठारावर भाच्याच्या लग्नाला गेलेला.

"पाइप वर काढा," सासूबाई म्हणाल्या.

"आगं आई, त्याला आठ मानसं लागत्यात. आठ मानसं हायत कुठं? समदी लग्नाला!"

मी कप खाली ठेवला. असे क्षण माणसाच्या आयुष्यात फार येत नाहीत.

"विलासराव," मी म्हणालो, "तुमच्या घरात सध्या दोन सर्टिफिकेटवाले पाणबुडे चहा पीत बसलेत."

विलासनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मग नंदाकडे. "ताई, तू उतरशील का?" त्यानं विचारलं. (माझ्याकडे बघून विचारलं नाही, याची मी तेव्हाच नोंद घेतली होती.)

"उतरीन की," नंदा म्हणाली. "पाना दे फक्त. आणि हे बडी म्हणून माझ्याबरोबर. काम मी करीन, तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवायचं. दुसरं काही करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"कॅमेरा कशाला घेताय मग?"

"रेकॉर्डसाठी," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

विहिरीत बत्तीस फूट पाणी. विलासनं स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात घातले आणि पिवळ्या दोराचं वेटोळं आणलं. आमच्या सासुरवाडीचा एक नियम आहे. विहिरीत बुडी मारून काम करणाऱ्याच्या कमरेला दोर हवा म्हणजे हवाच. खालून एक हिसका आला तर ढील द्यायची, दोन हिसके आले की काहीही न विचारता वर ओढायचं. आणि दोर धरणाऱ्यानं दुसरं काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, तंबाखू मळायची नाही.

"अरे, आमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, दोर कशाला?" मी म्हणालो.

"दाजी, यंत्रं तुमची, इहीर आमची," विलास म्हणाला आणि दोराचा हूक नंदाच्या पट्ट्यात अडकवला. मग त्यानं शेजारच्या दोघा भावांना पाठीशी उभं केलं, पाय रोवले आणि पाण्याकडे जी नजर लावली ती लावलीच. सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यानं मान हलवली नाही. मीही म्हणालो, "विलासराव, एक घोट घ्या." तो म्हणाला, "दोर धरल्याव आपन बायकोलाबी वळखत न्हाय."

मला त्या वेळी हसू आलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

आम्ही उतरलो आणि साधारण पंधरा फुटांवर माझ्यातला बडी संपला!

काय सांगू तुम्हाला! बरोबर बाराचा सुमार, सूर्य डोक्यावर, आणि उन्हाची तिरीप सरळ तळापर्यंत गेलेली. हिरवं पाणी, काळा कातळ, आणि त्या उजेडात माझी बायको पाना घेऊन फुटवालासमोर गुडघे टेकून बसलेली! बावीस वर्षं मी कार्यालयांमध्ये मागं गुलाबी पडदे लावून दिवे मारतोय, आणि इथं खऱ्या उजेडात खुद्द माझी बायको, तीही न बोलता! मी कॅमेरा लावला.

पहिला फोटो घेतला. छान होता, पण मधून तो पिवळाधमक दोर आडवा जात होता. मी डावीकडे गेलो, दोर आला. उजवीकडे गेलो, दोर आला. आता विचार करा. नंदा कामात गुंग. मी बडी, तिच्यापासून एका हातावर. मग दोर तिच्याच पट्ट्याला असला काय आणि दोन मिनिटं माझ्या पट्ट्याला असला काय, फरक काय पडतो? मी हलकेच तिचा हूक सोडवला आणि माझ्या पाठीमागं, पट्ट्याला अडकवला. माझ्या पाठीमागचं माझ्या फोटोत येणं शक्यच नव्हतं. याला म्हणतात अनुभव.

आणि मग फोटोंना नुसता बहर आला. नंदानं जाळी खोलली, शेवाळ काढलं, जाळी परत बसवली, पाना आवळला, आणि ती वर उठायला गेली ती अर्ध्यावरच थांबली. तिनं कमरेपाशी हात नेला. काहीतरी चाचपलं. परत चाचपलं. मग माझ्याकडे बघितलं. मास्कच्या काचेतून डोळे एवढाले मोठे! मनात म्हटलं, अशी नजर तर नवऱ्या मुलींना तासभर समजावूनही जमत नाही. क्लिक!

तिनं पंजा पालथा करून डगडग हलवला. अहाहा! नृत्यातली मुद्राच! क्लिक! तिनं पायाकडे बोट दाखवलं. आता लग्नात आम्ही नवरीला हेच सांगतो, पाय पुढे घ्या, जोडवी दिसू द्या. तिला आपणहून सुचलं याचं मला कौतुक वाटलं, आणि मी खाली जाऊन पायाचा खास जवळून फोटो घेतला. तिनं अंगठा वर केला. माझा ऊर भरून आला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या कामाला तिनं असं मोकळेपणानं 'झकास' कधी म्हटलं नव्हतं. मीही अंगठा वर केला.

त्यानंतर तिनं मूठ आवळून माझ्या नाकासमोर हलवली. तोही फोटो आहे.

पुढं काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण मी फोकस लावत होतो. माझ्या खांद्यावरून तिचा हात मागं गेला एवढं जाणवलं. आणि दोराला दोन हिसके बसले.

विलास बारा वाजल्यापासून त्या दोन हिसक्यांचीच वाट बघत होता. त्यानं आणि त्या दोघा भावांनी अशी काही ओढ घेतली की पट्ट्यात अडकलेली माझी कंबर आधी निघाली आणि डोकं-पाय तिच्या मागून निघाले! मास्क उडाला. पायातला पंजा उडाला. विहिरीचा तळ माझ्यापासून लांब पळायला लागला. वर येताना श्वास कोंडायचा नाही, तोंडातली हवा सोडत राहायची, हा सरांचा सगळ्यात महत्त्वाचा धडा. मी तो तंतोतंत पाळला. तळापासून वरपर्यंत मी एका दमात बोंबलत आलो. (नंतर सरांनी एवढ्या एका गोष्टीसाठी मला पूर्ण गुण दिले.)

मी पाण्याच्या वर आलो तरी ओढणं थांबलं नाही. अर्धा फूट हवेत, पालथा, बादलीसारखा लटकत असताना विलासचा आवाज ऐकू आला, "ताई, आता काळजी नको... आरं! हे तर दाजी हायती!"

तिघंही बघत राहिले.

"दाजी, ताई कुठंय?"

"खाली."

"खाली? दोर तर ताईला बांदला व्हता! तुमी कसं काय आलात?"

"तूच ओढलंस ना!"

"हिसकं कुनी दिलं?"

आणि तेव्हा, हवेत लटकताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. कमरेपाशी चाचपणं. पंजा. पाय. अंगठा. एकेक खूण, सरांनी शिकवलेल्या क्रमानं, ती मला एका हातावरून सांगत होती. आणि मी तिचे फोटो काढत होतो.

मी घाबरलो. इथं विनोद करण्यासारखं काही नाही. ती खाली एकटी होती, तिच्या कमरेला दोर नव्हता, आणि तो मी माझ्या हातानं काढला होता.

"सोड मला! मी खाली जातो!" मी ओरडलो.

"तुमी न्हाय!" विलास त्याहून मोठ्यानं ओरडला. "तुमी हितंच लटका! आता उतरलात तर तुमालाच काढाया आजून एक मानूस लागंल!" त्यानं दोर त्या भावांच्या हातात दिला आणि सदरा काढायला लागला. सासूबाई काठावर आल्या होत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

"थांब, बुडबुडे बघ," मी म्हणालो. कोपऱ्यात, पाइपाजवळ, बुडबुडे येत होते. येत होते, थांबत होते, येत होते. ती श्वास घेत होती. मी जन्मात एवढं एकटक काही बघितलं नाही. प्रत्येक वेळी बुडबुडे थांबले की माझाही श्वास थांबायचा.

तेवढ्यात पाण्यावर पायातला एक पंजा तरंगत आला. रिकामा!

"ह्यो कुनाचा?" विलासनं विचारलं.

माझा निळा. हा काळा होता. नंदाचा.

विलास उडी मारणार तोच बुडबुडे हलले. कोपऱ्यातून सरकत सरकत विहिरीच्या मधोमध आले. "सुटली!" मी ओरडलो. "पाय सुटला तिचा! वर येतेय!" दोघं भाऊ इतके खूश झाले की त्यांनी दोर सोडला, आणि मी पाण्यात आपटलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण बुडबुडे मधोमध येऊन तिथंच थांबले. एक मिनिट झालं. दुसरं लागलं.

"दाजी, ती थांबली का?"

"नियम आहे. वर येताना पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबायचं असतं. अंगातली हवा निवळते."

"आवं, इरीत कसला नियम!"

"तुझी बहीण शिक्षिका आहे," मी म्हणालो. "ती नियम मोडायची नाही." हे म्हणताना माझे दात वाजत होते. पाणी तसं गार नव्हतं.

बरोबर तीन मिनिटांनी नंदा वर आली. हळू, सरळ, एका पायात पंजा आणि एका हातात पाना. तोंडातली नळी काढली, काठावर नजर फिरवली आणि विलासला म्हणाली, "फ्यूज घाल. लाइट यायच्या आत मोटरीत पाणी भरून ठेव."

शिडीवरून चढताना माझ्या अंगावरून पाणी ओघळावं तशी ती माझ्या शेजारून निघून गेली.

दोन वाजता लाइट आली. पाइपानं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि बदाबदा पाणी ओतलं. कांद्याच्या सऱ्यांतून पाणी पळायला लागलं. विलास बांधावर उभा राहून भावांना सांगत होता, "ताईनं वाचिवलं राव!" मी तिथंच उभा होतो. पण 'दाजींनीही' असं कोणी म्हणालं नाही.

इथपर्यंत झालं ते झालं. शहाण्या माणसानं इथं तोंड मिटलं असतं. पण संध्याकाळी शेजारीपाजारी गोळा झाले, भजी तळली गेली, आणि कोणीतरी म्हणालं, "पावनं, फोटू काडलं म्हनं! दावा की." माझ्यातला कलावंत जागा झाला. मी मनात म्हटलं, चूक झाली खरी, पण फोटो तरी बघा म्हणजे कळेल मी का गुंतलो होतो. आणि मी कॅमेऱ्याची वायर विलासच्या टीव्हीला जोडली.

नंदा स्वयंपाकघरातून आली. दुपारपासून पहिल्यांदा बोलली. "मी सांगते एकेक." आणि हातातलं लाटणं घेऊन टीव्हीशेजारी उभी राहिली. चौथीच्या वर्गात नकाशापुढे उभी राहते तशीच.

"चित्र पहिलं. मी काम करतेय. कमरेला काय आहे?"

"दोर!" खोलीभर लोक म्हणाले.

"चित्र दुसरं. आता कमरेला काय आहे?"

विलासनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मध्ये येत होता," मी म्हणालो.

"चित्र तिसरं. माझा पाय जुन्या मोटरीच्या दोरात अडकलाय, आणि मी माझा दोर शोधतेय. डोळे बघा."

"लई मोटं झाल्यात," शेजारच्या आजी म्हणाल्या.

"चित्र चौथं. या खुणेचा अर्थ, गडबड आहे. पाचवं. गडबड पायात आहे." आणि पडद्यावर तो खास जवळून काढलेला फोटो आला! मी आजही सांगतो, फोकस म्हणजे असा फोकस की नायलॉनच्या दोराचा एकेक पीळ मोजून घ्यावा. तो दोर तिच्या पंजात कसा गुंतलाय, कुठून आत गेलाय, कुठून बाहेर आलाय, सगळं स्वच्छ.

"दाजी," विलास हळूच म्हणाला, "एवडं चांगलं दिसत व्हतं, तर सोडवायचा न्हाय का?"

"चित्र सहावं," नंदा म्हणाली. "मला वर जायचंय. आता माझ्या मास्कच्या काचेत बघा. काय दिसतंय?"

सगळे पुढं सरकले. काचेत मी दिसत होतो. छोटासा, पण ओळखू येण्यासारखा. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हाताचा अंगठा वर.

खोलीत जो हशा पिकला, तो ऐकून गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली! सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या, म्हणून मला बरंही वाटलं.

"आन ह्यो सातवा? ही मूठ? ही कुठली खून?" विलासनं विचारलं.

"ही सरांनी शिकवलेली नाही," नंदा म्हणाली. "ही माझी." आणि मग म्हणाली, "त्यानंतर मला यांच्या पाठीमागं दोर दिसला. वाटलं मोकळाच लोंबतोय. तो धरला की विलास ओढील आणि पाय हिसक्यानं सुटेल. म्हणून दोन हिसके दिले. पुढचं तुम्ही बघितलंच. मग बसले निवांत, पंजाचा पट्टा सोडला, पाय काढून घेतला. संपलं."

"संपलं," मीही म्हणालो आणि घाईनं वायर काढायला गेलो.

"आजून एक हाय की," विलास म्हणाला.

आठवा फोटो मी काढलेला नव्हता. वर ओढला जात असताना माझी मूठ आवळली गेली असणार, आणि कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबलं गेलं. वरून काढलेला. विहिरीचा काळा घेर, मधून उन्हाची तिरीप, आणि तळाशी नंदा, पाय अडकलेलाच. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिनं एक हात वर केला होता. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलेलं. गोल.

तिनं लाटणं खाली केलं. हा फोटो तिनंही बघितला नव्हता.

"हितं काय म्हनतीस?" सासूबाईंनी विचारलं.

नंदा फोटोच बघत राहिली. म्हणून मलाच सांगावं लागलं. "ती विचारतेय, ठीक आहात का?"

"कुनाला?"

"मला."

मी नंदाकडे बघितलं. "तुझा पाय अडकलेला असताना?"

"मग?" ती म्हणाली. "उलटे वर चालला होतात. बडी होतात ना तुम्ही माझे." आणि भजी जळतायत म्हणून आत निघून गेली.

मी उठून तिच्या मागं गेलो. आत काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माफी मागितली, तीही मोठ्यानं नाही. ती मात्र तिनं ऐकून घेतली.

आता आम्ही पाण्यात जातो तेव्हा कॅमेरा वर, नावेतच राहतो. मी मिनिटाला तीनदा गोल करून विचारतो, आणि ती वैतागून तीनदा गोल करून उत्तर देते. तो आठवा फोटो मात्र मी मोठा करून स्टुडिओत दारासमोरच लावलाय. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेली माणसं त्याच्यासमोर थांबतात. बावीस वर्षांत माझ्या दुसऱ्या कुठल्याही फोटोसमोर कोणी असं थांबलेलं नाही. काय उजेड, काय नजर, म्हणतात, आणि विचारतात, "हा कोणी काढला हो?"

मी खरं तेच सांगतो. "माझ्या मेहुण्यानं. दोर ओढून."